वऱ्हाडातल्या काळीची कुळकथा

वऱ्हाडात गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. या काळीचं मूळ शोधू लागलं, तर वाट सातपुड्याशी थांबत नाही. ती मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या रियुनियन या फ्रेंच बेटाकडे नेते.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होता. उत्तरेकडे सरकताना तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावर आला आणि जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहू लागला. थरांवर थर चढून दख्खनचा काळा पाषाण घडला. आजही तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भूखंड पुढे गेला, तप्त स्थान मागे राहिलं. मालदीव, चागोस, मॉरिशस ही त्याचीच पुढची प्रजा, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. रियुनियन या घराण्यातलं शेंडेफळ. तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे. तिथली शिखरं आणि कडे 2010 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

थोरल्या पातीच्या खुणा गाविलगडाच्या डोंगरात दिसतात. काळ्या कातळात बारीक पोकळ्या असतात. त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या. पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. हाच कातळ कुजून चिकण माती झाली. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगून मिटते आणि ओल धरून ठेवते. पाऊस गेल्यावरही पऱ्हाटी तग धरते ती या ओलीवर.

पूर्णा नदीनं या मातीचा गाळ गाविलगड आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या खोलगट भागात साठवला. तिथे पाण्याचा निचरा नीट होत नाही, म्हणून क्षार साचले. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या भागांतला खारपाणपट्टा तो हाच. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे ओलिताचा भरवसा नाही. रब्बीचा हरभरा जमिनीतल्या ओलीवरच येतो. सुबत्ता आणि टंचाई, दोन्ही एकाच कुळातली.

रियुनियनच्या कड्यांना राष्ट्रीय उद्यानाचं संरक्षण आहे. काळीला असलं कवच नाही. एका मुसळधार पावसात वाहून गेलेला मातीचा थर पुन्हा तयार व्हायला शतकं लागतात. म्हणून वऱ्हाडात वारसा जपायचा म्हणजे आधी धुऱ्याची बांधबंदिस्ती करायची.