परदेशातली टाळी, घरचे मत

२४ जुलै २००८ च्या संध्याकाळी बराक ओबामा बर्लिनच्या विजयस्तंभापाशी बोलायला उभे राहिले, तेव्हा पोलिसांच्या अंदाजाप्रमाणे समोर दोन लाख माणसे होती. त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेत मत नव्हते. त्याच दिवशी त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन ओहायोतल्या कोलंबस शहरात एका जर्मन खाणावळीत गेले होते. पुढच्या सहा दिवसांत मॅकेन यांच्या प्रचारयंत्रणेने बर्लिनच्या त्याच गर्दीची दृश्ये घेऊन जाहिरात काढली. तिच्यात ओबामांना पॅरिस हिल्टन आणि ब्रिटनी स्पिअर्स यांच्या पंक्तीला बसवले होते आणि प्रश्न केला होता, हा माणूस प्रसिद्ध आहे खरा, पण देश चालवायला तयार आहे का? म्हणजे एकाच गर्दीचे चित्र दोन्ही बाजूंना उपयोगी वाटले. असे का होते, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासात वाचकाचे मनापासून स्वागत आहे. त्यासाठी राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. बातम्या लक्षपूर्वक वाचण्याची सवय असली की पुरे.

या विषयाकडे वळणारा नवा वाचक बहुधा एक समज घेऊन येतो: जगात उमेदवाराची पत वाढली की घरी मते वाढतात. उलटी समजूतही तितकीच पसरलेली आहे, की ओहायोतल्या मतदाराला बर्लिनशी काही देणेघेणे नसते. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. मतदार परदेशातली टाळी ऐकतो, पण घरच्या दोन शंकांचे उत्तर शोधत ऐकतो. हा माणूस आपल्या वतीने जगासमोर उभा राहू शकेल का, ही पहिली शंका. हा आपलाच आहे ना, ही दुसरी. एकाच टाळीने पहिलीचे उत्तर होकारार्थी आणि दुसरीचे नकारार्थी मिळू शकते. त्या वर्षी घरात कोणती शंका बळावली आहे, हे आधी पाहावे लागते.

१९६० ची निवडणूक याचा सर्वांत समृद्ध दाखला आहे. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला होता. मे १९६० मध्ये अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले, आणि जूनमध्ये निदर्शनांमुळे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना जपानचा दौरा रद्द करावा लागला. आपण मागे पडतो आहोत का, ही चिंता सामान्य घरांत पोचली होती. तेव्हाचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन सांगत होते की देशाचा दबदबा कधी नव्हता इतका आहे. जॉन केनेडी म्हणत होते की तो घसरला आहे. यातली सर्वांत बोलकी गोष्ट अशी की अमेरिकेच्या सरकारी माहिती संस्थेने मित्रदेशांत गुपचूप जनमत चाचण्या घेतल्या होत्या. केनेडींनी त्या खुल्या करण्याची मागणी लावून धरली आणि ऑक्टोबरमध्ये, मतदान तोंडावर आले असताना, त्यांतले निष्कर्ष 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आले. इंग्लंड-फ्रान्समधल्या माणसांना अमेरिकेविषयी काय वाटते, हा अमेरिकेच्या प्रचारातला मुख्य मुद्दा झाला. परकीयांचे मत त्या वर्षी घरच्या आरशासारखे वापरले गेले, कारण स्वतःच्या बळाविषयी मतदाराच्याच मनात शंका होती.

निक्सन यांच्याही हाती परदेशातली दोन चित्रे होती, आणि दोन्ही विरोधाची होती. मे १९५८ मध्ये काराकासमध्ये जमावाने त्यांच्या मोटारीवर हल्ला केला. ते परतले तेव्हा स्वागताला स्वतः आयझेनहॉवर विमानतळावर आले होते. जुलै १९५९ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकी प्रदर्शनात त्यांची सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी खडाजंगी झाली. ख्रुश्चेव्ह यांच्या छातीवर बोट रोखलेल्या निक्सन यांचे छायाचित्र पुढे प्रचारात वापरले गेले. परक्या भूमीवरचा राग झेलणे, हेसुद्धा घरी भांडवल ठरते. अभ्यासकांनी लोकप्रियतेइतकेच या रागाकडे लक्ष द्यायला हवे, आणि ते पुरेसे दिले गेलेले नाही असे माझे ठाम मत आहे.

२००४ मध्ये दुसरी शंका वरचढ झाली. इराक युद्धावरून फ्रान्सशी बिनसले होते. अशा वेळी अध्यक्ष बुश यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी म्हणाले की परदेशी नेत्यांना आपण जिंकावे असे वाटते, आणि विरोधकांनी लगेच त्यांची नावे मागितली. केरींना फ्रेंच येते हीदेखील टीकेची गोष्ट ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'गार्डियन'ने ओहायोतल्या क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रे लिहिण्याचे आवाहन आपल्या वाचकांना केले. २००० मध्ये तिथे अल गोर अवघ्या ३२४ मतांनी पुढे होते. पत्रे गेली, संतापाचा पूर आला आणि तो उपक्रम आवरता घ्यावा लागला. निकालात ती काउंटी बुश यांच्याकडे गेली.

इथे थांबून सावध व्हायला हवे. क्लार्क काउंटी पत्रांमुळेच फिरली, असे सांगण्याचा मोह मोठा आहे, पण तो आवरावा. एका काउंटीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. २००८ मध्येही जुलैच्या बर्लिननंतर सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. त्या उलथापालथीतून एका भाषणाचा परिणाम वेगळा काढणे फार अवघड आहे. शिवाय मतदाराने ती गर्दी प्रत्यक्ष पाहिलेलीच नसते. त्याच्यापर्यंत पोचते ते कॅमेऱ्याने निवडलेले, निवेदकाने समजावलेले आणि प्रतिस्पर्ध्याने पुन्हा कापलेले दृश्य. म्हणून या क्षेत्रात भाषणापेक्षा त्याच्या प्रवासाचा माग जास्त शिकवतो.

परराष्ट्र व्यवहार मतदाराच्या मनात खोल रुजत नाहीत, ही राज्यशास्त्रज्ञ गॅब्रिएल आमंड यांची १९५० मधली मांडणी बराच काळ प्रमाण मानली गेली. जॉन ऑल्ड्रिच, जॉन सलिव्हन आणि यूजीन बॉर्गिडा यांनी १९८९ मध्ये तिला धक्का दिला. उमेदवारांच्या भूमिकांत स्पष्ट फरक असेल तर मतदार परराष्ट्र धोरणावरूनही मत ठरवतो, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. मात्र धोरण आणि प्रतिमा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रतिमेवरचे काम अजून विरळ आहे.

घर आणि परदेश यांची सीमाही वाटते तितकी सरळ नसते. ऑक्टोबर १९७६ च्या वादफेरीत अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. वॉर्सॉत मते नव्हती, पण पोलिश वंशाचे लाखो मतदार अमेरिकेत होते, आणि ते दुखावले. न्यू जर्सीतला मराठी मतदारही अशाच दोन घरांचा असतो. पुण्या-मुंबईतला वाचक मात्र 'भारतासाठी कोण बरा' एवढेच विचारून थांबतो. तो प्रश्न रास्त आहे, पण तो मतदाराचा नव्हे. या विषयात शिरताना तो थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो.

सुरुवात १९६० पासून करावी, असे मी सुचवेन. केनेडी-निक्सन यांच्या चारही वादफेऱ्यांच्या संहिता सहज मिळतात. २१ ऑक्टोबरची चौथी आधी वाचावी, कारण ती परराष्ट्र धोरणावरच होती. मग त्या सरकारी चाचण्यांकडे जावे. संबंधित संस्थेची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यानंतर २००८ च्या जुलैमधले बर्लिनचे भाषण आणि मॅकेन यांची जाहिरात शेजारी ठेवून पाहावीत, आणि जाहिरातीत भाषणातला शब्द किती उरला आणि गर्दी किती उरली, याची नोंद करावी.