आठ मिलिमीटरचं कूळ

ट्रकचा ओढणारा भाग हळूहळू मागे येत ट्रेलरच्या नाकाखाली शिरतो. ट्रेलरच्या पोटातून खाली आलेली जाड खुंटी ट्रकवरच्या चकतीच्या खाचेत सरकते, ‘खट्’ असा आवाज होतो आणि दोन वाहनांचं एक वाहन होतं. महामार्गाच्या कडेला, गोदामाच्या आवारात हे दृश्य आपण पाहिलेलं असतं. मी सांगतोय तो ट्रेलर मात्र टेबलावर उभा आहे. लांबी ऐंशी सेंटिमीटरला थोडी कमी, रुंदी पंधरा सेंटिमीटर. अंगात एकही स्क्रू नाही, गोंदाचा थेंब नाही. रिमोटचा खटका दाबला की त्याचे पुढचे दोन पाय घरघरत वर जातात आणि ट्रक त्याला घेऊन निघतो. सगळा ऐवज लेगोच्या ठोकळ्यांचा.

खऱ्या ट्रेलरची प्रमाणबद्ध, मोटरवर चालणारी प्रतिकृती ठोकळ्यांतून उभी करणं हा आज जगभरच्या प्रौढ माणसांचा गंभीर छंद आहे. त्याला दोन घराणी आहेत. एक लोहाराच्या भट्टीतून आलं, दुसरं सुताराच्या रंध्यातून.

आधी लोहाराचं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटन यांनी १८९८-९९च्या सुमारास, आपल्या कारखान्यातल्या मोटारी गिऱ्हाइकाच्या दारी पोचवण्यासाठी मागून ओढायची एक गाडी बनवली. मोटार तिच्यावर चढवायची आणि दुसऱ्या मोटारीने ओढत न्यायची. ट्रेलर हा पुढे मोठा धंदा झाला तो डेट्रॉइटमध्ये. १९१४ साली फ्रेडरिक सिब्ली नावाचे लाकडाचे व्यापारी ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे आले. त्यांना आपली होडी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागून न्यायची होती. फ्रूहॉफ यांनी दोन चाकांची गाडी बनवली आणि तिचं पुढचं टोक मोटारीच्याच पाठीवर टेकवलं. निम्मा भार स्वतःच्या चाकांवर, निम्मा ओढणाऱ्याच्या पाठीवर, म्हणून नाव पडलं ‘सेमी-ट्रेलर’. सिब्लींना ती इतकी पटली की त्यांनी लाकडाच्या वखारीसाठीही तशाच गाड्या करून घेतल्या. १९१८मध्ये फ्रूहॉफ यांची ट्रेलर बनवणारी कंपनी उभी राहिली.

त्या जोडणीचं नाव तर मोटारीहून जुनं आहे. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून आस आणि सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं लोखंडी कडं बसवत. मुंबईच्या रस्त्यांवर फिरलेली व्हिक्टोरिया याच जातीची. गाडीला चाकं चार, म्हणून हे कडं पाचवं. घोडे गेले, पण ट्रकच्या पाठीवरची ती चकती इंग्रजीत अजून ‘फिफ्थ व्हील’च आहे. तिच्यात अडकणाऱ्या खुंटीला ‘किंगपिन’ म्हणतात. नेहमीच्या मालट्रेलरची किंगपिन दोन इंचांची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर व्यासाची असते, आणि सगळ्या ओढीचा भार ती एकटी घेते.

आता सुताराचं घराणं. डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियान्सन यांची सुतारशाळा होती. मंदीत घरबांधणीची कामं आटली, तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. ‘चांगलं खेळ’ अशा अर्थाच्या ‘लेग गोट’ या दोन डॅनिश शब्दांतून त्यांनी ‘लेगो’ हे नाव घडवलं. महायुद्धानंतर त्यांनी प्लास्टिक साच्यात ओतायचं यंत्र आणलं आणि १९४९ साली एकमेकांवर बसणारे ठोकळे बाजारात आले. ही मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी ‘किडीक्राफ्ट’ या नावाने असे ठोकळे आधीच काढले होते. कुळकथेत हे मोकळेपणी सांगितलं पाहिजे.

त्या सुरुवातीच्या ठोकळ्यांत एक दोष होता. वर गोल बटणं होती, पण खालून ठोकळा पोकळ. एकावर एक बसायचे, पण घट्ट धरायचे नाहीत. घर रचलं आणि उचलायला गेलं की सुटायचं. ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी यावर उपाय काढला. ठोकळ्याच्या पोटात त्यांनी पोकळ नळ्या घातल्या. खालच्या ठोकळ्याचं बटण आता वरच्याची भिंत आणि नळी यांच्या चिमटीत सापडू लागलं. २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये या रचनेच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ओले वारले. १९६३मध्ये जुनं, कालांतराने वाकणारं सेल्युलोज अ‍ॅसिटेट जाऊन एबीएस हे टणक प्लास्टिक आलं, आणि माप पक्कं राहू लागलं. बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टीची उंची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या मिळून बरोबर एक ठोकळा. आज साच्यातून निघालेला ठोकळा १९५८च्या ठोकळ्यावर बसतो. कंपनीने दिलेला हा शब्द अजून मोडलेला नाही.

तरीही नुसत्या ठोकळ्यांचा ट्रेलर होत नाही. चाकं १९६२च्या सुमारास आली. १९६६ साली साडेचार व्होल्टच्या मोटरवर धावणारी रेल्वे आली. पण गाडीच्या आतली यंत्रं, म्हणजे दंतचक्रं, आस, वळणाची जोडणी, ही कशाला धरून उभी करायची? त्यासाठी ठोकळ्याला भोक हवं होतं.

भोकाचं श्रेय तिसऱ्याच माणसाकडे जातं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली समान अंतरावर भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे ‘मेकॅनो’ झालं. दोन भोकांतलं अंतर अर्धा इंच. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी नट-बोल्ट आवळत ‘मेकॅनिक्स’च्या क्रेन बनवल्या, ते या वंशाला ओळखतात. १९७७ साली लेगोने लांब ठोकळ्यांच्या कुशीला ओळीने भोकं पाडली, त्यांतून जाणारे फुलीच्या आकाराचे आस दिले आणि जोडायला पिना दिल्या. दोन भोकांतलं अंतर तेच ८ मिलिमीटर. ही मालिका पुढे ‘टेक्निक’ या नावाने ओळखली गेली. पहिल्याच वर्षीच्या मोटारीच्या सांगाड्यात वर-खाली होणारे पिस्टन होते आणि खरंखुरं वळणारं सुकाणू होतं. लोहाराचं आणि सुताराचं घराणं इथे सोयरीक जुळून एक झालं.

तिथून पुढे दर काही वर्षांनी एखादी किल्ली मिळत गेली. १९८४मध्ये हवेच्या दाबाचे पंप आणि सिलिंडर आले. १९८६च्या ‘मॉडेल टीम’ मालिकेने ठोकळ्यांचा ट्रक दिसायलाही खरा असू शकतो हे दाखवलं. २००७मध्ये ‘पॉवर फंक्शन्स’ आलं: वेगवेगळ्या ताकदीच्या मोटरी, सहा पेन्सिल सेलांची पेटी, इन्फ्रारेड रिमोट. २००८मध्ये आतल्या स्क्रूने लांबणारा दांडा आला आणि टिपरचा हौदा उचलणं सोपं झालं. २०१२च्या सर्व्हो मोटरने सुकाणू हव्या त्या कोनात थांबायला आणि आपोआप सरळ व्हायला लागलं. आता ब्लूटूथने हेच काम फोनवरून होतं. संगणकावर आराखडा काढायची सोयही एका माणसाच्या जिद्दीतून आली. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५मध्ये ‘एलड्रॉ’ ही प्रणाली लिहिली आणि ती सगळ्यांना मोकळी ठेवली. दोनच वर्षांत ते गेले, पण त्यांच्या पद्धतीवर आजही हजारो आराखडे रेखले जातात.

सामान जमलं तरी ट्रेलरची खरी परीक्षा मापात असते. नवा माणूस केबिनपासून सुरुवात करतो, कारण ट्रकचा चेहरा तिथे असतो. जाणकार टायरपासून सुरुवात करतात, कारण बाकी सगळं रचता येतं, टायर मात्र कंपनी देते तोच घ्यावा लागतो.

समजा हाती ६२.४ मिलिमीटर व्यासाचा टायर आहे. युरोपातल्या मालट्रेलरला बहुधा लागणारा टायर साधारण १०७२ मिलिमीटरचा. भागाकार केला की प्रमाण निघतं सुमारे १:१७.२. आता रुंदी. कायद्याने तिथे २.५५ मीटरची मर्यादा आहे. १७.२ने भागलं की १४८ मिलिमीटर, आणि ८ने भागलं की साडेअठरा घरं; एक घर म्हणजे एका बटणाची ८ मिलिमीटरची जागा. साडेअठरा घरं करता येत नाहीत. अठरा करायची की एकोणीस?

उत्तर किंगपिनमध्ये दडलेलं आहे. ती ट्रेलरच्या बरोबर मध्यरेषेवर हवी. अठरा घरं रुंद सांगाड्याची मध्यरेषा दोन घरांच्या मधल्या फटीवर येते, तिथे भोक नसतं. एकोणीस घरांत डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ आणि मध्ये एक भोक, तिथेच पिन. म्हणून जाणकारांच्या ट्रेलरची रुंदी बहुधा विषम असते. अर्ध्या घराचा तो फरक डोळ्याला दिसत नाही, पण त्याच्या जोरावर ट्रेलर सरळ रेषेत चालतो.

लांबीही अशीच निघते. तिथल्या नेहमीच्या ट्रेलरचे १३.६ मीटर म्हणजे सुमारे ७९ सेंटिमीटर, जवळजवळ नव्याण्णव घरं. टेक्निकची नेहमीची सर्वांत लांब सपाट तुळई पंधरा भोकांची. म्हणजे एकामागे एक सात तुळया लागणार, आणि प्रत्येक जोड हा मोडायची एक जागा. इथे गवंड्याचं ज्ञान उपयोगी पडतं. विटांची भिंत बांधताना वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाहीत. तीच सांधमोड ट्रेलरच्या दोन उभ्या तुळयांत करावी लागते. तरी लांब सपाट ट्रेलर मध्ये थोडा लवतोच. खरे ट्रेलर बनवणारेसुद्धा सपाट ट्रेलरला मध्ये किंचित वर फुगवटा ठेवतात, भार पडला की तो सरळ व्हावा म्हणून. जाणकार हीच युक्ती टेबलावर करतात.

वजनाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. लांबी १७ पट कमी झाली की आकारमान १७ × १७ × १७, म्हणजे ४९१३ पट कमी होतं. ४० टनांचं भरलेलं वाहन या हिशेबाने जेमतेम ८ किलोचं. प्लास्टिकच्या सांगाड्याला ते पेलतं, म्हणून तर हा छंद शक्य आहे.

आता ट्रेलरचे पाय. ओढणारा भाग निघून गेल्यावर पुढचा भार यांच्यावर येतो. खऱ्या ट्रेलरवर चालक हँडल फिरवतो, दंतचक्रांतून ती फिरकी पायातल्या उभ्या स्क्रूपर्यंत जाते आणि पाय खाली येतो. स्क्रूची खुबी अशी की फिरवलं तर पाय हलतो, पण पायावर कितीही भार दिला तरी स्क्रू उलटा फिरत नाही. ठोकळ्यांच्या ट्रेलरमध्ये हेच काम मळसूत्री दंतचक्र करतं. ते मोटरच्या आसावर बसतं आणि त्याच्या शेजारी चोवीस दातांचं चाक. मळसूत्राच्या चोवीस फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. ताकद वाढते, वेग घटतो आणि मोटर बंद केली की पाय आहे तिथेच कुलूप लावल्यासारखा राहतो.

यापुढची अवघड पायरी मागची चाकं वळवण्याची. पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा लांबलचक ट्रेलर वळणावर पाहिला असेल, तर मागचे आस ट्रकच्या उलट दिशेला वळताना दिसले असतील. तसं केलं नाही तर मागचं टोक वळणाच्या आतल्या कडेवर चढतं. ठोकळ्यांत हे करताना जोडणीच्या जागी दात असलेली फिरती चकती बसवतात. ट्रक जितका वळेल तितकी चकती फिरते आणि ट्रेलरच्या पोटातून मागेपर्यंत गेलेला आस मागची चाकं वळवतो. अडचण अशी की इतका लांब प्लास्टिकचा आस पिळवटतो आणि दातांच्या प्रत्येक जोडीत थोडी ढिलाई असते. त्यावर तोडगा म्हणजे पुढे वेग वाढवायचा आणि मागे, चाकांपाशी, तो परत कमी करायचा. मधला आस जास्त फेऱ्या घेतो, त्याच्यावर ताण कमी येतो आणि त्याची पीळ-ढिलाई चाकांपर्यंत पोचेपर्यंत तितक्याच पटीने भागली जाते. मोठ्या यंत्रांत लांबवर फिरकी नेणारे इंजिनिअरही याच रीतीने विचार करतात.

वीजही जोडणी ओलांडून न्यावी लागते. खऱ्या ट्रकवर केबिनच्या मागे गुंडाळलेल्या वायरी आणि हवेच्या नळ्या लोंबतात, त्या याच कामाच्या. ठोकळ्यांत तारेचा वळसा वळणावर अडकतो, म्हणून बरेच जण ट्रेलरला स्वतःची सेलपेटी आणि वेगळा रिसीव्हर देतात. मग ट्रक सोडून गेला तरी ट्रेलर आपले पाय स्वतः खाली सोडू शकतो.

या सगळ्या कथेतून मला एक गोष्ट मनापासून पटली आहे. कल्पना कितीही मोठी असो, तिला टिकाऊ शरीर मिळतं ते मापामुळे. हॉर्नबींचा अर्धा इंच, लेगोचे आठ मिलिमीटर, ट्रक-उद्योगाची दोन इंचांची किंगपिन. कुणीतरी एक माप ठरवलं, ते पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, म्हणून अनोळखी माणसांनी बनवलेल्या वस्तू एकमेकींत बसल्या. हे बंधन ज्याने मनापासून स्वीकारलं त्यालाच साडेअठरा घरांतून एकोणीस काढता येतात.

तेव्हा घरात ठोकळ्यांचा जुना डबा असेल तर तो खाली काढा आणि मुलांना सोबत घ्या. केबिनच्या रंगाची चर्चा नंतर करा. आधी टायर शोधा, पट्टीने मोजा आणि ८ने भागायला बसा. ट्रेलर तिथून सुरू होतो.