कौटुंबिक छायाचित्रणाचा व्यवसाय : उदय, उत्कर्ष आणि बोध

आपल्या ज्ञातीतील कोणत्याही जुन्या घरात पाऊल टाकले, की ओटीवरच्या अथवा माजघराच्या दर्शनी भिंतीवर काळसर चौकटीतले एखादे तरी छायाचित्र दृष्टीस पडते. मध्यभागी खुर्चीवर पगडी घातलेले आजोबा, दोन्ही बाजूंना ताठ उभे असलेले कर्ते मुलगे, पायाशी जाजमावर बसविलेली नातवंडे आणि मागे पडद्यावर रंगविलेला संगमरवरी जिना. त्या माणसांची नावे सांगणारे कोणी ना कोणी घरात असते. परंतु ते चित्र ज्याने काढले त्याने या विद्येवर आपला संसार कसा चालविला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या व्यवसायाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ज्ञातीतील जे तरुण हा धंदा करीत आहेत किंवा करू इच्छितात त्यांना त्यातून काही व्यवहारबोध व्हावा, आणि ज्या घरांत जुनी चित्रे आहेत त्यांनी ती जपावीत, असा आमचा दुहेरी हेतू आहे.

छायाचित्रणाची कला 1839 साली पॅरिस येथे दागेर याच्या शोधामुळे जगजाहीर झाली. दागेरची पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटविण्याची होती. चित्र अत्यंत रेखीव येई, पण ते एकच असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. म्हणजे छायाचित्रकाराला प्रत्येक चित्रासाठी प्रथमपासून तितकेच कष्ट आणि तितकाच खर्च. इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि ही अडचण दूर झाली. काचेवर निगेटिव्ह तयार होऊ लागले व त्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती छापता येऊ लागल्या. या दिवसापासून छायाचित्रकाराचे खरे भांडवल कॅमेऱ्यात नसून कपाटातील काचांमध्ये साठू लागले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचनाचे मर्म तिच्यात आहे.

या शोधाचा धंद्याच्या दृष्टीने पुरेपूर उपयोग केला तो पॅरिसमधील दिस्देरी या गृहस्थाने. त्याने 1854 साली एका युक्तीचे पेटंट घेतले. अनेक भिंगांचा कॅमेरा आणि सरकती काच यांच्या साहाय्याने एकाच काचेवर आठ लहान चित्रे घ्यावयाची, ती एकाच कागदावर एकदम छापावयाची आणि मग कातरून भेटपत्रिकेच्या आकाराच्या जाड पुठ्ठ्यांवर चिकटवावयाची, अशी ती युक्ती होती. काच एक, रसायन एकदा, छपाई एकदा. चित्रे मात्र आठ. त्याने बारा चित्रांचा दर वीस फ्रँक ठेवला, म्हणजे दर चित्रास दोन फ्रँकांहूनही कमी पडले. जे सुख तोवर धनिकांपुरते होते ते दुकानदार आणि कारकून यांच्या आटोक्यात आले. इंग्लंडमध्ये मेयॉल याने 1860 साली राजघराण्याच्या अशाच लहान चित्रांचा संच प्रसिद्ध केला, तेव्हा तर घरोघरी आल्बम ठेवण्याची हौस पसरली.

परंतु स्वस्ताई ही अशी वस्तू आहे की, तिची नक्कल शेजारच्या दुकानदाराला दुसऱ्याच दिवशी करता येते. पेटंट असूनही दिस्देरीची युक्ती सर्वांनी उचलली. गल्लोगल्ली स्टुडिओ उघडले, भाव पडले आणि काही वर्षांत लोकांचे आल्बम भरून गेले. दिस्देरीचा खर्च राजेशाही होता; मिळकत घटली तरी थाट घटला नाही. ज्याने हजारो कुटुंबांना चित्रे दिली, तो 1889 साली पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात निर्धन अवस्थेत मरण पावला. याच काळात लंडनमध्ये कामी सिल्व्ही नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने स्टुडिओ चालविला. त्याने प्रत्येक बैठकीची नोंद क्रमांकासह आणि चित्राच्या नमुन्यासह वहीत ठेविली. सुमारे सतरा हजार बैठकींच्या त्या वह्या आज लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. ग्राहक दहा वर्षांनी परत आला तरी त्याची काच कोणती हे वही उघडून सांगता यावे, असा हा व्यवहार होता.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या नव्या कलेत प्रथमपासून रस घेतला. लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षणही सुरू झाले, आणि तेथे शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटून नाव मिळविले. म्हणजे ही विद्या येथे केवळ साहेबांच्या हाती राहिली, असा जो समज आहे तो खरा नव्हे.

तथापि, विद्या येणे निराळे आणि तिच्यावर घर चालणे निराळे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी 1895 साली गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा आरंभिला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावल्यावर ते बडोद्यास परतले. तेथेही त्यांनी हाच धंदा केला. पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व त्याचे आयुष्य कमी करतो अशी आवई उठल्याने तो चालला नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. फाळक्यांच्या हातात कसब नव्हते असे कोण म्हणेल? कमतरता होती ती लोकांच्या विश्वासाची. तेव्हा विश्वास हे या व्यवसायाचे दुसरे भांडवल होय.

तो विश्वास कसा संपादन करावा, याचा वस्तुपाठ लाला दीनदयाळ यांच्या चरित्रात सापडतो. ते 1844 साली मीरतजवळील सरधना येथे जन्मले, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि 1866 साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. 1874च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. पण धंदा पायावर उभा राहीपर्यंत नोकरी सोडली नाही. आपल्या ज्ञातीत नोकरदार मंडळी पुष्कळ असल्यामुळे हा तपशील आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. पुढे इंदूर, सिकंदराबाद आणि 1896 साली मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ झाले, निजामाकडून किताब मिळाला आणि 1897 साली व्हिक्टोरिया राणीकडून नेमणुकीचा बहुमानही लाभला.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत दूरदर्शी कार्य निराळेच होते. हैदराबाद संस्थानात पडद्याची चाल कडक होती. परपुरुषासमोर बसणे अशक्य, म्हणून घरातील स्त्रियांची चित्रे निघतच नसत. दीनदयाळांनी 1892 साली केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो श्रीमती केनी-लेव्हिक या बाईंच्या स्वाधीन केला. पडद्याला त्यांनी नावे ठेविली नाहीत; त्या चालीचा मान राखून तिच्या आतूनच वाट काढली. जे अर्धे कुटुंब कोणाही छायाचित्रकाराच्या गिनतीत नव्हते, ते त्यांचे ग्राहक झाले. ज्ञातिभगिनींनी आपल्या घरच्या भिंती या दृष्टीने एकवार पाहाव्यात. पणजोबांचे मोठे केलेले चित्र असते. पणजीबाईंचे बहुधा नसते, किंवा असलेच तर यात्रेच्या एखाद्या घोळक्यात अर्धवट पदराआड असते. ज्या हातांनी घर सांभाळले त्यांचा चेहरा घरालाच ठाऊक नाही, ही खंत पुष्कळ कुटुंबांत आहे.

महाराष्ट्रात पुढे जे लहानमोठे स्टुडिओ गावोगावी चालले, त्यांनी एक गोष्ट अनुभवाने ओळखली होती. एकट्या माणसाचे चित्र एकदा निघते. कुटुंब मात्र वारंवार येते. बारसे, पालथ्या पडू लागलेल्या बाळाचे चित्र, बोरन्हाण, मुंज, उपवर मुलीला दाखविण्यासाठी काढावयाचे चित्र, लग्नातला समूह, पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घातलेली सून, तिचे डोहाळेजेवण, आणि पुन्हा बारसे. आपल्या संस्कारांचे आणि सणांचे पंचांग हेच या धंद्याचे पंचांग होते. जो छायाचित्रकार मुंजीच्या वेळी गोड बोलला आणि वेळेवर प्रती देता झाला, त्याच्याकडेच तो मुलगा वीस वर्षांनी नववधूला घेऊन येई. एखाद्या घरी वडील माणूस निवर्तले, की जुन्या समूहातील त्यांचा चेहरा मोठा करून हवा असे. तेव्हा काच जपलेली असल्यास दुःखात असलेल्या घराचे काम होई आणि छायाचित्रकारालाही नव्या बैठकीवाचून मोबदला मिळे. हिशेबी माणसे छपाईच्या कागदाची कात्रणे आणि धुण्याचे पाणीसुद्धा वाया घालवीत नसत. त्यातील चांदी परत मिळविता येत असे.

घरोघरी कॅमेरे आले म्हणजे स्टुडिओ बुडतील ही भीतीही नवी नव्हे. कोडॅकचा साधा कॅमेरा 1888 साली निघाला आणि 1900 साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी आला, तेव्हाही हीच ओरड झाली होती. पण रिटचिंग, मोठ्या प्रती आणि सबंध कुटुंबाला नीट बसविण्याचे कसब यांसाठी लोक स्टुडिओत येतच राहिले. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे आणि संकट अधिक मोठे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कलकत्त्याचा 1863 साली सुरू झालेला बोर्न अँड शेफर्ड हा विख्यात स्टुडिओ 2016 साली बंद पडला. मात्र त्याचा मोठा संग्रह 1991 सालच्या आगीतच नष्ट झाला होता, हेही विसरता कामा नये. याउलट दीनदयाळांच्या स्टुडिओचा पूर्वीचा दिमाख त्यांच्या पश्चात राहिला नाही, तरी त्याच्या 2857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. शंभर वर्षांनंतरही ज्याला मोल आले ते काचांना, खुर्च्यापडद्यांना नव्हे.

आमच्या पाहण्यात असे एकाहून अधिक स्टुडिओ आले आहेत, की मालकाच्या मागे मुलांनी दुकान आवरताना जुन्या काचा धुऊन तसबिरींसाठी विकून टाकल्या. काचेचे चार पैसे आले; पण त्या गावातील दोन पिढ्यांचे चेहरे मोरीत वाहून गेले. कोणाचा त्यात दुष्ट हेतू नव्हता. त्या काचा म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

म्हणून या धंद्यात असलेल्या ज्ञातितरुणांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, दर पाडून स्पर्धा करू नका. तो मार्ग दिस्देरीच्या मुक्कामाला जातो. कुटुंब जोडा, नोंदवही ठेवा, आणि आजची काच म्हणजे जी संगणकातील प्रत, ती दोन निरनिराळ्या जागी सुरक्षित ठेवा. घरात न बोलणाऱ्या, कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आदराने पुढे बसवा. आणि सर्व सभासद कुटुंबांना नम्र विनंती अशी की, वार्षिक संमेलनास येताना घरातील जुनी चित्रे सोबत आणावीत. त्यातील माणसांची नावे, नाते आणि गाव ही चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. शाईने लिहू नयेत, ती पुढे उमटते. हे काम घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच व्हावयास हवे. नाव विसरलेले चित्र हे पुढच्या पिढीला परक्याचेच चित्र होय.

पणजीबाईंचे चित्र ज्या घरात नाही, तेथे ते आता निघणे नाही. परंतु आजची आजी उद्याची पणजी होणार आहे. तिला येत्या सणाला नवे लुगडे नेसवून, नातवंडांसह स्टुडिओत घेऊन जाण्याचे एवढे तरी पुण्य प्रत्येक कुटुंबाने पदरी घ्यावे, अशी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.