मानेच्या शिरेचे मोल

रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली सुरू झाले. त्याआधी छत्तीसगडात असे महाविद्यालय नव्हते. डॉक्टर व्हायचे तर तिथल्या मुलांना नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागे. दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात या महाविद्यालयाची पहिली वर्षे गेली.   हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, 1963 मध्ये कुठेच रोजच्या वापरात नव्हती. त्यामुळे रुग्णाला तिरके टेकवून त्याच्या मानेची शीर पाहणे हा यंत्र नसतानाचा नाइलाज होता आणि यंत्र आल्यावर त्याचे काम संपले, असा समज सहज होतो. या तपासणीचा इतिहास पाहिला की मात्र हा समज टिकत नाही.

कारण ही नजर यंत्रानेच तयार केली. फुगलेल्या मानेच्या शिरांचा हृदयाशी असलेला संबंध इटलीच्या लान्सिसीने 1728 मध्ये छापलेल्या ग्रंथात नोंदवला होता. फ्रान्सच्या पोतँने 1867 मध्ये त्या शिरेतल्या लाटांचे वर्णन केले. तरी त्या लाटांना अर्थ दिला तो इंग्लंडमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या जेम्स मॅकेन्झीने. मनगटाची नाडी आणि मानेची शीर एकाच वेळी कागदावर उमटवणारे पॉलिग्राफ नावाचे यंत्र तो रुग्णाच्या खाटेशी घेऊन बसे. अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, आकुंचन पावले की कोणती लाट उठते, ठोके अनियमित झाले की ती कशी नाहीशी होते, हे त्याने वर्षानुवर्षे तेच ते रुग्ण तपासून ताडले आणि 1902 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेचा आधार नसताना झालेले हे काम मला हृदयविज्ञानातल्या सर्वांत थोर कामांपैकी एक वाटते. पुढे थॉमस लुईसने 1930 मध्ये दाखवून दिले की छातीच्या हाडावरचा उंचवटा खूण धरून शिरेतल्या रक्ताची उंची नुसत्या डोळ्यांनी मोजता येते. उजवे अलिंद आणि मानेची आतली शीर यांच्यामध्ये अडथळा जवळजवळ नसतो, म्हणून शिरेतल्या रक्ताच्या स्तंभाची उंची म्हणजे अलिंदातला दाबच. उंचवट्याच्या वर 3 सेंटिमीटरपर्यंत ती सहसा ठीक मानतात. त्यापुढे संशय घ्यायचा.

यावर आक्षेप असा की डोळा चुकतो, आणि तो रास्त आहे. जाड मानेत शीर सापडत नाही, दोन डॉक्टरांचे माप जुळत नाही, वाढलेला दाब बऱ्याचदा कमीच वाटतो. सावळ्या त्वचेवर शीर दिसत नाही, असेही म्हणतात. पण पाहायचा असतो तो शिरेचा रंग नसून तिची हालचाल. तिरका उजेड टाकला की ती रायपूरच्या रुग्णाच्या मानेवरही दिसते. डोळा चुकतो या मुद्द्याला उत्तर 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिले. हृदयाची ताकद घटलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांमध्ये, ज्यांच्या मानेची शीर फुगलेली नोंदवली होती त्यांना हृदय कमकुवत झाल्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा आणि त्याच कारणाने मृत्यू येण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक निघाला. माप ढोबळ असले तरी त्याने धोका नेमका ओळखला होता. इको बरेच काही अधिक सांगते, हे मान्यच. पण ते कुणाचे आणि किती तातडीने करायचे, हे आधी कुणीतरी ठरवावे लागते.

छत्तीसगडात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून उजव्या हृदयावर ताण येऊ शकतो. त्याची खूण मानेवर उमटते. पाय सुजलेला, दमलेला तरुण पाहून सगळे रक्तक्षयावर ढकलणे सोपे असते. फुगलेली शीर तिथे डॉक्टरला थांबवते. बस्तर-सरगुज्यासारख्या दूरच्या भागांतून रायपूरला पोहोचायला बराच वेळ जातो, आणि ज्याला खरोखर निघायला हवे त्याला वेळेत पाठवणे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्याच हाती असते. देशभर 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात शिरेचे हे माप करून दाखवणे हे कौशल्य म्हणून नोंदवले आहे. ते परीक्षेपुरते न ठेवता प्रत्येक विद्यार्थ्याने शिरेचा दाब खाटेशी स्वतः मोजावा आणि नंतर इकोशी ताडून पाहावा, एवढा आग्रह शिकवणाऱ्यांनी धरावा. मॅकेन्झीने नजर कमावली ती याच पद्धतीने.