सशाची सर्दी

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी कापश्या नावाचा पांढरा ससा होता. मुलीच्या हट्टापायी आणलेला. बाल्कनीत एका लाकडी खोक्यात तो राहत असे. पावसाळ्यात खोक्यातील वर्तमानपत्रे ओली राहू लागली, आणि झाकण उघडले की डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला. त्याच सुमारास कापश्या शिंकू लागला. नाक वाहताना दिसत नव्हते, पण पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. ससा नाक पायाने पुसतो. त्यामुळे सशाची सर्दी नाकाआधी पायांवर दिसते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

आम्ही जीवशास्त्रात संशोधन करणारे. शिंका म्हणजे जंतुसंसर्ग आणि जंतुसंसर्ग म्हणजे प्रतिजैविक, असा सरळ हिशेब आम्ही मांडला. मुलीसाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे औषध फ्रिजमध्ये उरले होते. वजनाच्या प्रमाणात मात्रा काढून ते ड्रॉपरने त्याच्या तोंडात घातले. दोन दिवसांत शिंका कमी झाल्या. चौथ्या दिवशी त्याने खाणे सोडले, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि पाचव्या दिवशी सकाळी तो खोक्यात मरून पडलेला दिसला. तो सर्दीने मेला नाही, आमच्या औषधाने मेला. ही चूक समजून घेण्यासाठी जे वाचले त्यातून एक जुना आणि बराच मनोरंजक इतिहास हाती आला. तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण शाळेत ससे पाळणारे आणि घरी मुलांच्या हट्टापुढे मान तुकवणारे शिक्षक पुष्कळ आहेत.

आधी सशाच्या श्वासाविषयी थोडे. आपले नाक चोंदले की आपण तोंडाने श्वास घेतो. सशाला ते सहज जमत नाही. त्याच्या श्वासनलिकेवरचे झाकण मऊ टाळूच्या वर, नाकाच्या मागच्या पोकळीत टेकलेले असते. त्यामुळे खाता खातादेखील तो नाकाने श्वास घेऊ शकतो आणि शत्रूचा वास त्याला सतत मिळत राहतो. या सोयीची किंमत अशी की नाक बंद झाले तर त्याला दुसरी वाट जवळजवळ नसते. ससा मान वर ताणून तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर तो सर्दीचा नव्हे, जिवावर बेतल्याचा क्षण समजावा. शिवाय त्याची छातीची पोकळी लहान आणि पोट मोठे. त्यामुळे त्याला उताणे धरले तर पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो.

सशाच्या जुनाट सर्दीमागे अनेकदा सापडणारा जीवाणू म्हणजे पाश्च्युरेला मल्टोसिडा. या नावातच त्याचा इतिहास दडलेला आहे. 1879-80 मध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करत होते. तुलूझच्या तूसां यांनी पाठवलेल्या नमुन्यातील जीवाणू त्यांनी कोंबडीच्या मांसाच्या रश्श्यात वाढवला. जुने झालेले संवर्धन कोंबड्यांना टोचले तर त्या मरत नाहीत आणि पुढे ताज्या जीवाणूलाही दाद देत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. प्रयोगशाळेत जीवाणू क्षीण करून बनवलेल्या लशीची ही सुरुवात. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून आपण सांगतोच. त्याच काळातले पाश्चर यांचे एक निरीक्षण मात्र सहसा सांगितले जात नाही. हा जीवाणू गिनिपिगला टोचला तर बहुधा फक्त एक गळू होते. गिनिपिग खातपीत राहतो, धडधाकट दिसतो. पण त्याच्याबरोबर राहणाऱ्या कोंबड्या आणि ससे अचानक आजारी पडून मरू शकतात! मृत्यू कोठून आला हे पाहणाऱ्याला कळणारही नाही. निरोगी दिसणाऱ्या रोगवाहकाची कल्पना इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे मांडलेली पाहून आम्ही थक्क झालो.

या जीवाणूने सशांना मारता येते हे कळल्यावर पाश्चर यांनी त्याचा एक भलताच उपयोग सुचवला. ऑस्ट्रेलियात 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी थोडेसे ससे सोडले होते. तीस वर्षांच्या आत त्यांनी कुरणे फस्त करायला सुरुवात केली. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने 1887 मध्ये सशांच्या नायनाटाच्या उपायाला 25,000 पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पॅरिसमधील संस्था उभारणीसाठी पैसा हवाच होता. पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जीवाणू वापरून पाहण्याची सूचना केली. फ्रान्समधील रँस येथे एका शँपेनवाल्या घराण्याच्या तळघरांवरच्या जमिनीत सशांनी बिळे केली होती. तेथे डिसेंबर 1887 मध्ये जीवाणू शिंपडलेला चारा टाकला आणि ससे भराभर मेले. लगेच पुढच्या वर्षी पाश्चर यांचा भाचा आद्रियँ ल्वार सिडनीला रवाना झाला. सिडनीच्या बंदरातील रॉड बेटावर प्रयोगशाळा उभी राहिली आणि सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली प्रयोग झाले.

निष्कर्ष निराशाजनक होता. जीवाणू मिसळलेले खाणे ज्या सशांनी खाल्ले ते मेले, पण त्यांच्या सोबतच्या सशांमध्ये रोग अपेक्षेप्रमाणे पसरला नाही. उलट पक्ष्यांना धोका होताच. बक्षीस कोणालाही मिळाले नाही. ल्वार मात्र रिकाम्या हाताने परतला नाही. त्याच बेटावर त्याने मेंढ्यांसाठी काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, लस तयार केली.

येथे एक कोडे पडते. रॉड बेटावर जो जीवाणू सशाकडून सशाकडे जाईना, त्याच जातीचा जीवाणू प्रयोगशाळांच्या प्राणिगृहांत एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात इतक्या सहज कसा पसरत होता? जुन्या शास्त्रज्ञांना तर ही एकच जात आहे असे वाटतही नव्हते. कोंबडीतला तो एक, गाईतला दुसरा, सशातला तिसरा, अशी प्राण्यागणिक वेगळी नावे होती. सशातल्या जीवाणूला लेपिसेप्टिकम म्हणत. 1939 मध्ये रोझेनबुश आणि मर्चंट यांनी ही सगळी मंडळी ‘मल्टोसिडा’ म्हणजे ‘अनेकांना मारणारा’ या एका नावाखाली आणली. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचतात, तो घटसर्पही याच जीवाणूच्या एका प्रकारामुळे होतो. (माणसाच्या घटसर्पाशी त्याचे नावापलीकडे काही नाते नाही. वर्गात हा गोंधळ हमखास होतो.)

कोड्याचा एक धागा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडला. तेथे पॉल द क्रूफ यांनी 1921 मध्ये दाखवले की सशाच्या या जीवाणूच्या एकाच संवर्धनात दोन प्रकार निघतात. एक रश्श्यात सर्वत्र सारखा पसरून वाढतो आणि तो जहाल असतो. दुसरा कण होऊन तळाशी बसतो आणि तो सौम्य असतो. हे द क्रूफ म्हणजे पुढे 1926 मध्ये ‘मायक्रोब हंटर्स’ लिहिणारेच.

दुसरा धागा त्याच संस्थेतील लेस्ली वेबस्टर यांचा. त्यांनी एकेक जीवाणू तपासण्याऐवजी सशांची अख्खी वसाहतच अभ्यासाला घेतली, आणि 1924 पासून त्यावर लेखमाला लिहिली. आम्हांला हे काम पाश्चर यांच्या सिडनीच्या मोहिमेपेक्षा कितीतरी मोठे वाटते, पण त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. वेबस्टर सशांच्या नाकातील स्राव पुन्हा पुन्हा तपासत राहिले. सर्दी झालेल्या सशांच्या नाकात जीवाणू सापडला, यात नवल नाही. पण तो ठणठणीत दिसणाऱ्या सशांच्या नाकातही सापडला. काहींच्या नाकात तो आला आणि गेला, काहींच्या नाकात मुक्कामाला राहिला, काहींना सर्दी झाली, थोड्यांना फुप्फुसदाह झाला. जीवाणू आला म्हणजे रोग झालाच, असे समीकरण बसेना. सशाची स्वतःची प्रतिकारशक्तीही हिशेबात धरावी लागली. याच विचाराने पुढे वेबस्टर यांनी उंदरांच्या रोगाला बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या वेगवेगळ्या पिढ्या वाढवल्या.

रॉड बेटावरचे अपयशही मग समजण्याजोगे होते. दोन दिवसांत मरणारा ससा शिंकायला उरत नाही. महिनोन्महिने शिंकत जगणारा ससा मात्र पिंजऱ्यामागून पिंजरा लावीत जातो.

आणि नाकात मुक्काम ठोकून बसलेल्या जीवाणूला खाली फुप्फुसात उतरायला वाट कोण करून देते? येथे आमच्या बाल्कनीतल्या खोक्याकडे परत यावे लागते. मूत्रातील युरियाचे जीवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया तयार होतो. श्वासमार्गाच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे रोमक असतात आणि ते चिकट स्राव, त्यात अडकलेली धूळ आणि जंतू सतत बाहेर ढकलतात. अमोनियाने या अस्तराला इजा होते. 1976 मध्ये ब्रॉडरसन, लिंडसे आणि क्रॉफर्ड यांनी उंदीरवर्गातील रॅटवर प्रयोग करून दाखवले की पिंजऱ्यात अमोनिया वाढला की मायकोप्लाझ्मामुळे होणारा श्वसनरोग अधिक तीव्र होतो. ते प्रयोग सशांवरचे नाहीत आणि जीवाणूही वेगळा आहे, पण डोळ्यांना झोंबणाऱ्या आमच्या खोक्याचा खुलासा त्यातून पुरेसा होतो. आम्ही वाकून दोन क्षण झाकण उघडत होतो. कापश्या त्या ओल्या कागदावर नाक टेकवून चोवीस तास बसत होता.

राहता राहिले औषध. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या 1929 च्या पेनिसिलिनवरील प्रसिद्ध लेखात एक ससा आहे. त्याच्या शिरेत 20 घनसेंटीमीटर पेनिसिलिनयुक्त द्रव टोचला, तरी साध्या रश्श्यापेक्षा अधिक अपाय झाला नाही, असे त्यांनी नोंदवले. मे 1940 मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी यांनी उंदरांवर प्रयोग केला आणि औषध दिलेले उंदीर वाचले. 1943 मध्ये मात्र अमेरिकेतील संशोधकांना पेनिसिलिनने गिनिपिग मरताना दिसले. पहिले प्रयोग गिनिपिगवर झाले असते तर पेनिसिलिन तेथेच अडले असते, असे औषधशास्त्रज्ञ अजून म्हणतात.

याचे कारण रक्तात नसून आतड्यात आहे. ससा गवत पचवतो ते मोठ्या अंधांत्रातील असंख्य जीवाणूंच्या जोरावर. पेनिसिलिनच्या कुळातले औषध तोंडाने दिले की त्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे नावाचा विषारी जीवाणू मोकळ्या जागेत माजतो. सशांच्या अशा जुलाबांचा या जीवाणूशी आणि त्याच्या विषाशी असलेला संबंध 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लेमिंग यांच्या सशाला औषध शिरेतून मिळाले होते, आमच्या सशाला तोंडातून. अमॉक्सिसिलिनच्या बाटलीवर यातले काही लिहिलेले नसते, कारण ती बाटली सशासाठी नसते. पशुवैद्य अशा वेळी एन्रोफ्लॉक्सासिनसारखे, सशाच्या आतड्याला तुलनेने सुरक्षित औषध निवडतात. क्वचित पेनिसिलिनही देतात, पण सुईने. दाताचे मूळ वाढून अश्रुनलिका दाबली गेली आहे का, नाकात गवताची काडी अडकली आहे का, हेही ते पाहतात. कारण प्रत्येक शिंकेमागे पाश्च्युरेला असतोच असे नाही.

कापश्यानंतर दीड वर्षाने मुलीने दुसरा ससा आणला. याचे घर तारेच्या जाळीचे, तळाशी एका भागात फळी आणि त्यावर सुके गवत. गवत रोज बदलायचे काम तिचे, आणि आपल्या नाकाला वास आला तर उशीर झाला, हा तिनेच केलेला नियम. आणताना त्याला महिनाभर वेगळे ठेवले आणि शेजारच्या घरातील गिनिपिगला भेटायची परवानगी दिली नाही. सशांच्या नाकात राहणारा बोर्डेटेला नावाचा जीवाणू गिनिपिगला फुप्फुसदाह देऊ शकतो, म्हणजे येथे धोका उलट्या दिशेने होता. तो निजला असताना त्याची कूस किती वेळा हलते ते ती घड्याळ लावून मोजते आणि वहीत लिहिते. निरोगी सशाचे मिनिटाला साधारण 30 ते 60 श्वास असतात. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आकडा 80 च्या पुढे गेला आणि नाकाच्या कडा ओल्या दिसल्या. फ्रिजकडे कोणी गेले नाही. त्याला टोपलीत बसवून, वर ओलसर फडके टाकून आम्ही रिक्षाने पशुवैद्यांकडे निघालो, आणि वही तिने बरोबर घेतली होती.