इचूका–मोआमा : मरे नदीकाठचा कॅरव्हॅन-मुक्काम

इचूका–मोआमा हे ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या समोरासमोरच्या काठांवर वसलेले जोडगाव आहे. दक्षिण काठावरचे इचूका व्हिक्टोरिया राज्यात येते, उत्तर काठावरचे मोआमा न्यू साउथ वेल्समध्ये. दोन्ही मिळून लोकसंख्या साधारण २२ हजार. त्यात इचूका मोआमाच्या सुमारे दुप्पट. मेलबर्नपासून अंतर जवळपास २२० किमी असल्याने मागे कॅरव्हॅन जोडलेली मोटार सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला नदीकाठी पोहोचते. बाजारपेठ, नातीगोती आणि सुट्टीचा व्यवसाय या बाबतींत हे एकच गाव आहे. कायदा, कर आणि शाळांच्या सुट्ट्या मात्र दोन राज्यांच्या. या जोडगावाचा उत्कर्ष, पडता काळ आणि आजचे पर्यटन या सगळ्यांवर या सरहद्दीची छाप आहे.

हा प्रदेश योर्टा योर्टा या आदिवासी समाजाचा. युरोपीय वसाहतीच्या काळात आधी उभे राहिले ते मोआमा : १८४०च्या दशकात जेम्स मेडन याने तिथे नदी ओलांडण्यासाठी तराफ्याची सोय केली आणि त्याच्याच नावाने ती जागा ओळखली जाऊ लागली. पुढच्या दशकात हेन्री हॉपवुड या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्याने दक्षिण काठावर आपला तराफा आणि खानावळ सुरू केली. त्यातून इचूका वाढले. १८५३ मध्ये मरे नदीवर पहिल्या वाफेच्या बोटी धावल्या आणि १८६४ मध्ये मेलबर्नहून आलेला लोहमार्ग इचूकाला येऊन भिडला. नदी आणि रेल्वे यांची गाठ पडली, ती इथे. रिव्हरिना प्रदेशाची कुरणे आणि डार्लिंग नदीचा दूरवरचा मुलूख यांतून लोकरीचे गठ्ठे बोटींनी इचूकाला येत आणि तिथून आगगाडीने मेलबर्न बंदरात जात. १८७०च्या दशकात इचूका हे ऑस्ट्रेलियाचे सर्वांत मोठे अंतर्गत बंदर झाले. आसपासच्या रानातला रेड गम म्हणजे तांबड्या, चिवट लाकडाचा निलगिरी वृक्ष. बोटी, धक्के आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी तो बेसुमार तोडला गेला.

इचूकाचा धक्काही याच लाकडाचा. पूर आणि टंचाई यांत नदीची पातळी कित्येक मीटरने वरखाली होई, म्हणून तो एकावर एक मजल्यांचा बांधला गेला. पाणी कितीही असले तरी कुठल्यातरी मजल्यावरून माल चढवता यावा, अशी ही रचना. ती पाहिल्यावर जुन्या सुतारांची नदीबद्दलची समज कळते. भरभराट मात्र फार टिकली नाही. सिडनीचा लोहमार्ग १८८२ मध्ये ‘हे’ नावाच्या गावापर्यंत आणि १८८५ मध्ये बर्कपर्यंत पोहोचला, तेव्हा लोकर तिकडे वळली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धक्क्याचा मोठा भाग जळणासाठी तोडला गेला. उरलेल्या भागाची डागडुजी १९७०च्या दशकापासून होऊ लागली आणि बंदर पुन्हा कामाला आले, या वेळी पर्यटकांसाठी.

आज इथे जुन्या चाकांच्या बोटींचा मोठा ताफा आहे. १८६६ मध्ये इचूकालाच बांधलेली ‘ॲडलेड’ ही लाकडी तळाच्या, अजून चालत्या असलेल्या वाफेच्या बोटींपैकी जगातली सर्वांत जुनी मानली जाते. १९११ मध्ये मोआमाला बांधलेली ‘पेव्हेन्सी’, १९१२ची ‘कॅनबेरा’ आणि १९२३ची ‘अलेक्झांडर अर्बथनॉट’ याही पाण्यात आहेत. नॅन्सी केटो यांच्या ‘ऑल द रिव्हर्स रन’ या कादंबरीवरील दूरचित्रवाणी मालिका १९८३ मध्ये प्रसारित झाली. तिचे चित्रीकरण इथे झाल्यामुळे गावाचे नाव देशभर पोहोचले. बोटीच्या भट्टीत आजही रेड गमचे ओंडकेच जळतात.

सरहद्दीचा पेच समजून घेण्याजोगा आहे. ती नदीच्या मध्यातून जात नाही. दक्षिण काठाच्या माथ्यापर्यंतचे सगळे पात्र न्यू साउथ वेल्सचे आहे, आणि काठावर झालेल्या एका खुनाच्या खटल्यात १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. म्हणून इचूकाच्या काठावर बसून मरेमध्ये गळ टाकणाऱ्यालाही न्यू साउथ वेल्सचा परवाना लागतो. १९०१ मध्ये वसाहतींचे संघराज्य होईपर्यंत तर पुलावरून जाणाऱ्या मालावर जकात बसत असे. मोआमाला सरहद्दीचा फायदा नंतर मिळाला : न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून क्लबांमध्ये जुगाराची यंत्रे कायदेशीर होती, व्हिक्टोरियात ती १९९०च्या दशकापर्यंत नव्हती. साहजिकच व्हिक्टोरियाची माणसे दशकानुदशके नदी ओलांडून क्लबात येत राहिली आणि तिथला निवासाचा धंदा वाढला. उलट जुलै २०२० मध्ये कोविडमुळे सरहद्द बंद झाली, तेव्हा एकाच गावातले लोक पुलावर परवाने दाखवू लागले.

दोन काठांना १८७८ मध्ये लोखंडी पुलाने जोडले. सुरुवातीला त्यावरून रेल्वे आणि रस्ता दोन्ही जात. १४० वर्षांहून अधिक काळ हाच इथला मुख्य दुवा होता आणि अरुंद असल्याने मोठ्या कॅरव्हॅनवाल्यांना त्यावर जपूनच चालवावे लागे. २०२२ मध्ये ‘धुंगाला’ पूल खुला झाला. मरे नदीचे योर्टा योर्टा नावच त्याला दिले आहे.

कॅरव्हॅनने येणाऱ्यांच्या राहण्याच्या जागा तीन प्रकारच्या. पहिला प्रकार गावातल्या किंवा गावालगतच्या कॅरव्हॅन पार्कचा. तिथे प्रत्येक गाडीला आखलेली जागा, वीज आणि पाण्याचा नळ मिळतो. सामाईक स्नानगृहे, स्वयंपाकाची शेड, मुलांचा तलाव आणि कॅरव्हॅनचे शौचालय रिकामे करण्याची जागाही असते. ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅनसाठी १५ अँपिअरची जोडणी असते. घरगुती १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये तिचा प्लग बसत नाही. इचूकाच्या बाजूला धक्क्यापर्यंत पायी जाता येईल अशी सोय आहे, आणि ज्यांना बोटी व जुने बंदर पाहायचे आहे, त्यांनी हाच काठ निवडावा. पाण्यावर खेळायचे असेल तर मोआमाचा काठ सोयीचा. दुसरा प्रकार वर्षभराच्या भाड्याच्या जागांचा. कुटुंबे आपली गाडी तिथेच ठेवून दर सुट्टीत येतात. तिसरा प्रकार नदीकाठच्या जंगलातील मोकळ्या मुक्कामाचा. तिथे वीज-पाणी नसते, कचरा परत न्यावा लागतो आणि उन्हाळ्यात आगीचे निर्बंध कडक असतात. रेड गमच्या जाड फांद्या वाऱ्याविनाही अचानक कोसळतात, त्यामुळे झाडाखालची गार सावली सोडून उघड्यावर गाडी लावणेच शहाणपणाचे. जवळचे बार्मा जंगल हे या वृक्षाच्या जगातील सर्वांत मोठ्या वनाचा भाग असून २०१० पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

जानेवारीत दिवसाचे कमाल तापमान सरासरी ३१° से.च्या आसपास असते, जुलैत रात्री कडाक्याची थंडी पडते. नाताळपासून जानेवारीअखेरपर्यंत आणि ईस्टरला जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. फेब्रुवारीत टॉरुंबरी बंधाऱ्यापासून इथवर सुमारे ८० किमीची वॉटर-स्की शर्यत होते. त्या वेळी शांततेची अपेक्षा करू नये. निवृत्तीनंतर कॅरव्हॅन घेऊन देश फिरणारी वयस्क जोडपी शरद ऋतू निवडतात. इथल्या शरदात, म्हणजे एप्रिल–मेमध्ये, हवा कोरडी आणि सौम्य असते, नदीवरच्या वेगवान बोटींची वर्दळही ओसरलेली असते.

पूर हा या मुक्कामाचा स्थायी धोका आहे. बहुतेक पार्क पूरमैदानात आहेत आणि चाकांवरचे घर ऐनवेळी ओढून नेता येणे हे त्यामागचे एक कारण. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाणी इतके चढले की इचूकात घाईने मातीचा बांध घातला गेला. तो वस्तीतूनच गेल्याने काही घरे नदीच्या बाजूला राहिली, आणि काठावरचे पार्क पाण्याखाली गेले. नंतर दुरुस्ती करून ते पुन्हा सुरू झाले. नदीची पातळी ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते नियमित प्रसिद्ध करते. काठावर कॅरव्हॅन उभी करणाऱ्यांना ती पाहूनच मुक्काम ठरवावा लागतो.