विवेकीकरण, मुंबईच्या कापडगिरण्यांतील

उद्योगसंस्थेतील यंत्रे, मनुष्यबळ, कामाची वाटणी व वेतनपद्धती यांची कार्यक्षमतेच्या दृष्टीने केलेली फेररचना म्हणजे विवेकीकरण. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची दाट वस्ती झाली. प्रत्येक गिरणीची व्यवस्था वेगळी असून एकाच कामाचे दरही निरनिराळे होते. भरती व देखरेख जॉबर म्हणजे मुकादमाच्या हाती असे.

पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापडाची स्पर्धा वाढली. १९२६ मध्ये नेमलेल्या टॅरिफ बोर्डाने गिरण्यांची कार्यक्षमता वाढविण्यावर भर दिला. त्यानुसार १९२८ च्या आरंभी ससून गटाच्या गिरण्यांत नवी पद्धत आली : विणकराने दोनऐवजी तीन माग व कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू सांभाळावयाच्या. यामुळे माणशी उत्पादन वाढणार होते; परंतु तेवढ्याच यंत्रांना कमी माणसे लागणार असल्याने अनेकांची रोजी जाण्याचे भय निर्माण झाले. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सामील झाले व तो ऑक्टोबरपर्यंत चालला. या काळातच गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. संप समितीच्या सतरा मागण्या व मालकांची वेतन प्रमाणीकरणाची योजना यांचा विचार न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीने केला. दरांत एकसूत्रीपणा कामगारांनाही हवा होता. वाद होता तो बदलाचा भार कोणी सोसावा, याविषयी.

यंत्रांच्या फेररचनेइतकीच भरतीची फेररचनाही महत्त्वाची ठरली. जॉबरची मक्तेदारी कमी करण्यासाठी १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. मुंबई औद्योगिक विवाद अधिनियम (१९३८) व त्याची जागा घेणारा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम (१९४६) यांनी ठराविक बाबींतील बदलाची पूर्वसूचना देणे मालकावर बंधनकारक केले. मात्र सलोख्याची प्रक्रिया संपण्यापूर्वीचा संप बेकायदा ठरविणाऱ्या १९३८ च्या कायद्यास कामगारांनी त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संप करून विरोध केला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने विवेकीकरणासाठी तीन अटी मान्य केल्या : कामावर असलेल्यांची कपात नको, लाभाची न्याय्य वाटणी व्हावी आणि कामाच्या बोजाची मोजणी उभयपक्षी मान्य तज्ञांनी करावी.

या अटींमागे १९२८ चा अनुभव होता. तीन माग चालविणे तांत्रिक दृष्ट्या शक्य असले, तरी उरलेल्या विणकराचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या योजनेत नव्हते. १९८२ च्या दीर्घ संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या, तेव्हा हाच प्रश्न संबंध गिरणगावापुढे उभा राहिला.